जिवंत ज्वालामुखी चढताना: कोल्हापूरच्या ट्रेकरसाठी बालीच्या बातूरची तयारी

गडाची वाट एकदा पायाखालून गेली की ती कायमची आपली होते. पन्हाळा ते विशाळगड दरवर्षी जुलैत चालणाऱ्याला मसाई पठारावर दाट धुक्यातही दिशा सापडते, कारण पायाखालचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला आहे. तो आता काही करणार नाही. जिवंत ज्वालामुखीवर नेमकी हीच सवय घात करते. तिथे कालची वाट आज बंद असू शकते, काल थंड असलेली जमीन आज गरम असते आणि वारा फिरला की बसायची जागा श्वास कोंडणारी होते. त्यामुळे सह्याद्रीत ‘वाट विचारत जाऊ’ म्हणणाऱ्या माणसालाही इथे स्थानिक वाटाड्या लागतोच. त्याला वाट माहीत असते हे झालंच, पण त्याला त्या डोंगराची आजची तब्येतही माहीत असते, आणि त्यासाठीच तो हवा.

पुढचं सगळं इंडोनेशियातल्या बाली बेटावरचा बातूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

बातूरच का

भारतात एकच जिवंत ज्वालामुखी आहे, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे माणसांची वस्ती नाही आणि पर्यटकांना उतरायची परवानगीही नाही. त्यामुळे पायी चढायचं तर देशाबाहेर जावं लागतं. पहिल्या चढाईसाठी बातूर योग्य आहे. उंची १,७१७ मीटर, म्हणजे विरळ हवेचा त्रास नाही. तळापासून प्रत्यक्ष चढ साधारण ६०० ते ७०० मीटर आणि वेळ दोन ते अडीच तास. पण डोंगर साधा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. १९२६ च्या उद्रेकात लाव्हाने पायथ्याचं बातूर गाव आणि तिथलं देऊळ गिळलं. गाव वर कड्यावर हलवावं लागलं, आणि आज कड्यावर दिसणारं उलुन दानू बातूर हे मोठं देऊळ त्या स्थलांतरानंतरचं आहे. १९६३ मध्ये पुन्हा मोठा उद्रेक झाला आणि २००० मध्येही डोंगर जागा झाला होता.

आकार समजून घेतला की वाट डोक्यात बसते. फार पूर्वीच्या प्रचंड उद्रेकांनी जमीन खचून सुमारे १३ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद परात तयार झाली. परातीच्या काठावर किंतामानी आणि पेनेलोकान ही गावं आहेत. आत एका बाजूला चंद्रकोरीसारखा तलाव आणि मधोमध नंतर उभा राहिलेला शंकू, तोच आजचा बातूर. म्हणजे गाडी आधी काठावर चढते, मग परातीत उतरते आणि चालणं तळातून सुरू होतं. पायथ्याचं मुख्य गाव तोया बुंका. यातला ‘तोया’ म्हणजे आपला ‘तोय’, पाणी. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत.

कधी जायचं

बालीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. मे ते सप्टेंबर हा चढाईचा चांगला काळ. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिथे कोरडं असतं, हे कोल्हापूरकरांच्या सोयीचंच आहे. पावसात बातूर टाळा. भिजलेली राख बुटाच्या तळाला चिकटून घसरते आणि नाळेतून, म्हणजे डोंगराच्या उभ्या घळीतून, राखमिश्रित चिखलाचा लोंढा येऊ शकतो.

एक तारीख आधी तपासा. बालीचा ‘न्येपी’ हा शक वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास येतो. त्या दिवशी सगळं बेट २४ तास स्तब्ध असतं. रस्ते, दुकानं, अगदी विमानतळही बंद. त्या आठवड्यात तिकीट काढलं असेल तर हाताशी दोन दिवस जादा ठेवा.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून विमानाने बालीतलं देनपसार, ही सरळ वाट. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. चढाई पहाटे चारला सुरू होते तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचा दीड वाजलेला असतो. म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्याच पहाटे चढू नका, मध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. चढाईनंतरही एक दिवस मोकळा ठेवा. इशाऱ्याची पातळी वाढली किंवा हवा बिघडली तर चढाई एक दिवस पुढे ढकलता आली पाहिजे. परतीचं विमान त्याच संध्याकाळी असलं की माणूस नको तिथे हट्ट करतो.

प्रवास विमा काढताना पॉलिसीतली कलमं वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीवरचा ट्रेक किंवा ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात. ज्वालामुखीमुळे विमान रद्द झालं तर काय, हेही त्यातच पाहा. राखेमुळे बालीचा विमानतळ बंद राहिल्याचे प्रसंग घडले आहेत. २०१७ मध्ये शेजारचा आगुंग फुटला तेव्हा हजारो प्रवासी अडकले होते.

इशाऱ्याच्या चार पातळ्या

इंडोनेशियात प्रत्येक जिवंत ज्वालामुखीला सरकारी भूगर्भ खातं एक पातळी देतं. पहिली ‘नोर्माल’, दुसरी ‘वासपादा’ म्हणजे सावध, तिसरी ‘सिआगा’ म्हणजे सज्ज आणि चौथी ‘आवास’ म्हणजे धोका. ही माहिती ‘माग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर मिळते. भाषा इंडोनेशियन असली तरी मोबाइलवर भाषांतर करून पाहता येते. नुसता आकडा पाहून थांबू नका, त्याखालची शिफारस वाचा. ‘विवरापासून अमुक किलोमीटरच्या आत जाऊ नये’ असं तिथे लिहिलेलं असतं आणि चढायचं की नाही ते त्या वाक्यावर ठरतं.

आमचा नियम साधा आहे. पहिली पातळी असेल तर चला. दुसरी असेल आणि वाट शिफारशीतल्या बंदी क्षेत्रात येत असेल तर डोंगर रद्द, मग खाली कोणी काहीही म्हणो. तिसरी-चौथी असेल तर त्या तालुक्यातही राहू नका. सुमात्रा बेटावरचा मारापी दुसऱ्या पातळीवर असताना आणि विवराजवळ जाऊ नये अशी शिफारस असताना लोक वर जात होते. ३ डिसेंबर २०२३ ला तो फुटला आणि २४ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले.

पहिल्या पातळीचा अर्थ ‘शून्य धोका’ असाही घेऊ नका. जपानचा ओंताके २७ सप्टेंबर २०१४ ला सर्वात खालच्या पातळीवर असताना फुटला. सुट्टीचा शनिवार, दुपारची वेळ, शिखरावर गर्दी. ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले आणि त्यातले बहुतेक उडालेल्या दगडांच्या माराने. तो लाव्हाचा उद्रेक नव्हता. आत मुरलेलं पाणी तापून एकदम वाफ झालं आणि स्फोट झाला. कुकरची शिटी अडकल्यावर झाकण उडावं तसा हा प्रकार असतो, आणि त्याची पूर्वसूचना फार थोडी मिळते. म्हणून विवराच्या काठावर घालवायची मिनिटं मोजून ठेवावीत. पाहिलं, फोटो काढला, मागे आलो.

गाइड निवडणं

बातूरवर स्थानिक गाइडशिवाय चढू देत नाहीत. पायथ्याच्या गावातल्या गाइडांची संघटना आहे आणि चढाईची व्यवस्था तिच्या हातात आहे. काहींना ही सक्ती खटकते. पण या लोकांची शेतं त्याच लाव्हाच्या मातीत आहेत आणि घरं डोंगराच्या सावलीत. रोज पहाटे वर जाणाऱ्या माणसाला कुठल्या फटीतून आज जास्त वाफ येतेय हे नुसतं पाहून कळतं. ती नजर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही.

नोंदणी हॉटेलमार्फत करा, ऑनलाइन करा किंवा थेट पायथ्याला, पैसे देण्याआधी पाच गोष्टी विचारा. एका गाइडमागे किती माणसं? चारपर्यंत उत्तम, सहाच्या वर नको, कारण गटातला एक जण थांबला तर त्याच्यासोबत कोण थांबणार हा प्रश्न येतोच. गाइड स्वतः शेवटचा वर कधी गेला होता? आज पातळी काय आहे? हे विचारल्यावर त्याने क्षणात उत्तर दिलं पाहिजे. किती वाजता मागे फिरायचं? आणि डोंगर बंद झाला तर पैसे परत की दुसरा दिवस? शेवटचं उत्तर मेसेजवर लिहून घ्या. इंडोनेशियन रुपियातल्या रकमा लाखांत असतात, त्यामुळे नोटेवरची शून्यं मोजूनच व्यवहार करा.

बालीत वयाने मोठ्या पुरुषाला ‘ब्ली’ म्हणतात, आपल्याकडच्या ‘दादा’सारखं. नावाआधी ब्ली लावलंत की पहिल्याच मिनिटात ओळख होते. आणखी काही शब्द पाठ करून ठेवा. ‘पलान-पलान’ म्हणजे हळूहळू. ‘चापेक’ म्हणजे दमलो. ‘साकित’ म्हणजे दुखतंय. ‘तुरुन’ म्हणजे खाली उतरणं. आणि ‘आवास!’ म्हणजे ‘सांभाळ!’ वरून दगड सुटला की हाच शब्द ओरडतात, आणि इशाऱ्याची चौथी पातळीही याच नावाची. तो कानावर पडताच जागच्या जागी थांबून वर बघायचं.

दमा, उच्च रक्तदाब, गुडघ्याचं जुनं दुखणं, गरोदरपण यातलं काहीही गाइडपासून लपवू नका. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि पंप खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. गाइड ‘परत फिरू’ म्हणाला तर वाद घालायचा नाही. हे गटातल्या सगळ्यांकडून कोल्हापुरातूनच कबूल करून घ्या.

आठ आठवड्यांची तयारी

रंकाळ्याची फेरी चांगली आहे, पण ती सपाट आहे. दम वाढतो, गुडघे तयार होत नाहीत. बातूरवर त्रास होतो तो उतरताना, मांडीच्या पुढच्या स्नायूंना. त्यासाठी तालमीतल्या बैठकांसारखा व्यायाम नाही. फक्त पद्धत थोडी बदला: खाली जाताना चार मोजा, वर येताना एक. उतारावर स्नायू ताणलेल्या अवस्थेतच भार पेलत असतो आणि संथ बैठकीत त्याला नेमकी तीच सवय लागते. २० च्या तीन फेऱ्यांनी सुरुवात करा, सहाव्या आठवड्यापर्यंत ४० च्या तीन फेऱ्या. एक दिवसाआड.

रविवारी चढ. जोतिबाला गाडीने न जाता पोहाळे-कुशिरे बाजूने पायी जा, नाहीतर पन्हाळ्याला पायथ्यापासून चाला. पहिले तीन आठवडे रिकाम्या हाताने, पुढे पाठीवर तीन किलो, शेवटचे दोन आठवडे पाच किलो. पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या की वजनही होतं आणि वर ओतून देता येतं, मग गुडघ्यांना उतरताना आराम. एका तासात साधारण ३०० मीटर उंची, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच दमाने चढता आली, की बातूरची तयारी झाली असं समजा. तिथला वेगही तेवढाच असतो.

राहिली ती सुट्या दगडाची सवय. बातूरचा वरचा भाग स्कोरियाचा आहे. हा लाव्हाचा फेस गोठून झालेला जाळीदार दगड, भट्टीत जास्त भाजलेल्या विटेच्या तुकड्यांसारखा. हलका पण कडा धारदार. त्यावर एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. याच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते सुट्या मुरमाचा उतार. गावाबाहेरच्या एखाद्या सुरक्षित, कमी उंचीच्या मुरमाड टेकाडावर दोन-तीनदा चढ-उतर करा. एकदा पहाटे अंधारात, हेडटॉर्च लावून, तेही चार-पाच जणांनी मिळून. टॉर्चच्या उजेडात खोलीचा अंदाज चुकतो, कारण उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच पडतो आणि दगडाची सावली दिसतच नाही. हे एकदा घराजवळ अनुभवलेलं बरं.

सॅकमध्ये काय

बुटांपासून सुरुवात. घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या तळाचे, किमान ४० किलोमीटर चाललेले. कपाटात पाच-सहा वर्षं पडून राहिलेले ट्रेकिंगचे बूट नेऊ नका. तळव्यातला फोम दमट हवेत आतून कुजतो. बाहेरून बूट नवा दिसतो आणि डोंगरावर तळ सोलून हातात येतो. घरी बूट दोन्ही हातांनी मधोमध वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा चुरा पडला तर तो बूट बाद. सँडल, चप्पल अजिबात नको, स्कोरियाचा तुकडा पट्ट्याखाली गेला की कातडी सोलतो. जमलं तर पोटरीवर बांधायचे गेटर घ्या, नाहीतर दर दहा मिनिटांनी बूट झटकावे लागतात.

बाकी यादी छोटी आहे:

- हेडटॉर्च आणि जादा सेल. मोबाइलची टॉर्च नको, हात मोकळे लागतात.
- जाड कापडाचे हातमोजे. पडताना हात आधी टेकतो आणि हा दगड तळहात कापतो.
- कोरडा टी-शर्ट पिशवीत गुंडाळून, वरून विंडचीटर आणि कानटोपी.
- पाणी दीड ते दोन लिटर, ओआरएसच्या दोन पुड्या.
- एन-९५ मास्क, बंद गॉगल, एक सुती पंचा.
- काठी, शक्यतो लांबी बदलता येणारी. चिकटपट्टी, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं.

कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला. ज्वालामुखीची राख लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ते काचेचे आणि खनिजांचे बारीक टोकदार कण असतात आणि लेन्सखाली गेले की बुबुळ ओरखडतं. मास्कबद्दलही गैरसमज आहे. एन-९५ राख अडवतो, वायू अडवत नाही. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, म्हणून ओला पंचा चार घड्या करून नाका-तोंडावर धरला तर थोडा उपयोग होतो. तो तिथून बाहेर पडण्यापुरताच. पंचा बांधून फोटो काढत बसण्यासाठी नव्हे.

खायला शेंगदाण्याची चिक्की आणि भाजलेले शेंगदाणे पुरेत. विमानतळावरच्या फॉर्मवर सोबतचे खाद्यपदार्थ खरे लिहा.

पहाटेची चढाई

आदल्या रात्री कुटा-सेमिन्याकच्या समुद्रकिनारी राहिलात तर रात्री एकला गाडी येते आणि झोपेचं खोबरं होतं. त्यापेक्षा किंतामानी किंवा तोया बुंकातच मुक्काम करा. साडेनऊला झोपून तीनला उठता येतं. रात्री हलकं जेवा. पहाटे दोन केळी आणि अर्धा लिटर पाणी.

चालायला लागण्याआधी गाइडसोबत तीन गोष्टी पक्क्या करा: सूर्योदय वरच्या टोकावर पाहायचा की खालच्या टप्प्यावर, मागे फिरायची वेळ आणि गटात सर्वांत शेवटी कोण. सर्वांत हळू चालणारा गाइडच्या लगेच मागे आणि सर्वांत दमदार शेवटी. आपल्याकडे दमदार पोरं पुढे पळतात आणि दमलेला मागे एकटा राहतो. इथे ते चालणार नाही.

पहिला भाग शेतांमधून जातो. परातीतल्या काळ्या मातीत कांदा-टोमॅटो पिकतो. मग झाडी, मग रुंद धुळीची वाट. इथे जवळजवळ सगळेच वेगात चालतात आणि पुढे त्याची किंमत मोजतात. घामाने टी-शर्ट भिजणार नाही इतक्याच वेगाने चाला. सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे, म्हणून विंडचीटर काढूनच निघा. दर २० मिनिटांनी चार-पाच घोट पाणी. तहान लागायची वाट पाहू नका.

शेवटचा पाऊण तास स्कोरियाचा. इथे पाऊल ठेवायची रीत वेगळी. टोक रोवून ढकलायचं नाही, दगड मागे सरकतो. पूर्ण तळवा सपाट टेकवा, अर्धा क्षण थांबा, दगड बसू द्या, मग वजन टाका. पावलं लहान ठेवा, वीतभर उंचीची. पुढच्या माणसाच्या ठशात पाय ठेवला तर जमीन आधीच दाबलेली मिळते. दोघांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा आणि वळणांच्या वाटेवर एकमेकांच्या बरोबर खाली उभे राहू नका. दगड सुटला तर ओरडून सांगा, लहान असला तरी. दम लागला तर वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला थांबा, दरीकडच्या नाही.

वाटेत मोटारसायकलवर वर सोडतो म्हणणारे भेटतील. अंधारात, सुट्या दगडावर, अनोळखी माणसामागे बसण्यात पायी चालण्यापेक्षा जास्त धोका आहे. पुढे चालणं जमत नसेल तर गाइडला सांगून खालच्या टप्प्यावर थांबा, सूर्योदय तिथूनही तोच दिसतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी जीपची सोय आहे. ती चढ टाळून काळ्या लाव्हाच्या माळापर्यंत नेते.

वर पोहोचल्यावर

पहिलं काम: भिजलेला टी-शर्ट बदला. फोटो नंतर. उंची दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश थंडावा आणते, त्यात पहाटेचा वारा. ओल्या कपड्यात तासभर सूर्याची वाट पाहत बसलेला माणूस कुडकुडायला लागतो आणि आखडलेल्या पायांनी उतरताना पडतो.

बसायची जागा गाइडला विचारून निवडा. वारा लागू नये म्हणून खळग्यात बसायचा मोह सगळ्यांना होतो आणि ज्वालामुखीवर तीच जागा वाईट. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि वारा नसलेल्या खळग्यात तो साचतो. डोकं जड झालं, उगाच धाप लागली की उठून उंचवट्यावर या. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. त्यामुळे ‘वास गेला’ म्हणजे वायू गेला असं नाही. डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर सल्फर डायऑक्साइड. तेव्हा धुराच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवं चालत बाजूला निघा. नेहमीसाठी नियम एकच: वारा तुमच्याकडून विवराकडे वाहत असला पाहिजे.

काठावरून आत डोकावताना किमान दोन मीटर मागे. विवराचा काठ खालून पोखरलेला असतो, वरून तो भक्कम दिसतो. पिवळी, पांढरी, ओलसर दिसणारी जमीन टाळा. खालून वाफ येऊन दगड कुजलेला असतो आणि वर पातळ पापुद्रा राहिलेला असतो.

वाफेवरची अंडी मात्र जरूर खा. गाइड जमिनीतल्या फटीपाशी गुडघ्यावर बसतो, आधी हाताची पाठ दुरून फिरवून वाफेची दिशा बघतो, मग अंडी आत ठेवून वर पाला झाकतो. तळहात नाही, हाताची पाठ. भाजलंच तर मूठ वळता यावी म्हणून ही काळजी उपयोगी पडते. तुम्ही स्वतः हात घालू नका. या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं आणि वाफ कातडीवर पाणी होताना स्वतःची सगळी उष्णता तिथेच सोडते, त्यामुळे ती गरम हवेपेक्षा किती तरी पटीने जास्त भाजते. अंड्याची टरफलं परत खाली आणा. माकडं असतात, चिक्की दाखवत खाऊ नका.

उतरणं

बहुतेक दुखापती इथेच होतात, सूर्योदय झाल्यावर, मन सैल झाल्यावर. निघण्याआधी बूट पुन्हा बांधा. नाडी पुढच्या भागात सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट, शेवटच्या दोन छिद्रांत फास घालून. पाय बुटात पुढे सरकला की अंगठ्याचं नख काळं पडतं. काठी चढताना होती त्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब करा. सुट्या उतारावर टाच आधी रोवा, गुडघा किंचित वाकलेला, वजन टाचेवर. मागे झुकलात की पाय पुढे निसटतो आणि माणूस बसतो. घसरत पळत जाणारे दिसतील. त्यांची नक्कल करू नका, खाली चालणाऱ्यांवर दगड जातात.

डोंगर अचानक जागा झाला तर

शक्यता कमी आहे, पण काय करायचं ते आधी डोक्यात असलं पाहिजे, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. स्फोट झाला, दगड उडाले तर पाठ फिरवून आंधळेपणाने पळू नका. वर बघा, येणारा दगड दिसला तर बाजूला व्हा, मोठ्या खडकाच्या किंवा झोपडीच्या आडोशाला जा आणि सॅक डोक्यावर धरा. मारा थांबताच मास्क आणि गॉगल चढवा आणि गाइडच्या मागे निघा. तो नेईल ती वाट धारेवरून जाईल. नाळेत किंवा ओढ्यात उतरू नका, तापलेल्या राखेचा लोट आणि चिखल दोन्ही सखल जागेतूनच धावतात. एकही फोटो काढायचा नाही. सॅक जड वाटली तर पाणी आणि टॉर्च काढून घेऊन ती टाकून द्या.

बातूरनंतर

पुढची पायरी म्हणून अनेकांच्या डोक्यात जावा बेटावरचा इजेन असतो. रात्री निळ्या ज्वाला दिसतात, तो जळणारा गंधक. चढ बातूरएवढाच, पण वायूचा प्रश्न कितीतरी मोठा. विवरातलं तळं अत्यंत आम्लधर्मी आहे आणि गंधकाच्या पाट्या खांद्यावर वाहणारे खाणकामगार त्याच अरुंद वाटेने वर येत असतात. त्यांना नेहमी वाट द्या, डोंगराकडच्या बाजूला सरकून. तिथे एन-९५ पुरत नाही, आम्लवायूची फिल्टर असलेला पूर्ण मास्क लागतो. तो चेहऱ्याला नीट बसतो का ते खालीच तपासा: तळवे फिल्टरवर दाबून श्वास ओढा, मास्क गालाला चिकटला पाहिजे. दाढी असेल तर फटीतून हवा आत येतेच. बालीहून गिलिमानुकची फेरीबोट घेऊन केतापांगला उतरलात की घड्याळ एक तास मागे करा. रात्री साडेबाराची गाडी बालीच्या वेळेने की जावाच्या, हे न विचारल्यामुळे चुकते.

बालीशेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी ३,७२६ मीटरचा, दोन-तीन दिवसांचा. तिथे उंचीमुळे डोकं दुखतं आणि शेवटचा सुट्या राखेचा कडा रात्री चढायचा असतो. बातूर आरामात झाला, पन्हाळा ते विशाळगड पाठीवर आठ किलो घेऊन झाला, तरच त्याचा विचार करा.

खाली आल्यावर राख डोळ्यांतून आणि कानांतून भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका. कपडे आधी झटका, मग भिजवा. तोया बुंकाच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसायचं असेल तर तळपाय तपासून घ्या, फोड फुटला असेल तर ते पाणी नको. दगड खिशात घालून आणू नका, बालीत डोंगर देवाचा आहे. खोकला किंवा छातीत घरघर तीन-चार दिवसांनंतरही राहिली तर डॉक्टरांकडे जा आणि ज्वालामुखीवर गेला होता हे आधी सांगा.